गृहशास्त्राची शिक्षिका व्हायचंय : आधी बी.एड. की आधी एम.ए.? (खान्देशातल्यांनी जरूर सांगा)

मुक्ताई_लेक

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही राहिलं तर सांभाळून घ्या.

मी मुक्ताईनगर तालुक्यातली. बी.ए.चं शेवटचं वर्ष सुरू आहे. आमच्या गावाला मलकापूर जवळ पडतं म्हणून कॉलेज तिकडचं, आणि त्यामुळे विद्यापीठ अमरावतीचं. विषय मराठी, समाजशास्त्र आणि गृहअर्थशास्त्र (म्हणजे गृहशास्त्रच). पहिले दोन घेतले कारण सगळ्या मैत्रिणी घेत होत्या. तिसरा मात्र असा आवडला की आता तोच शिकवावासा वाटतो. आठवी ते दहावीच्या मुलींना. आणि मुलांनाही, का नाही?

वडिलांची ना नाही. काका म्हणतात, "पोळ्या लाटायला शिकवायचं, त्याला दोन वर्षं बी.एड. कशाला?" यंदा केळीवर व्हायरस आला, अर्धा बाग उपटून टाकावा लागला. तेव्हा पैशांचा प्रश्न आहेच. चुकीच्या कोर्सला पैसे घालायची ऐपत नाही.

तर विचारायचं असं : बी.एड.ला गृहशास्त्राची मेथड, म्हणजे शिकवायचा विषय म्हणून गृहशास्त्र, मिळते का? की आधी एम.ए. करून घ्यावं? आणि शाळेत हा विषय उरलाय तरी का? आमच्या शाळेत कधी नव्हता.

रावेरकर

ताई, गोड बोलणारे पुष्कळ भेटतील, म्हणून मी कडू बोलून घेतो.

मराठी माध्यमाच्या शाळेत 'गृहशास्त्र शिक्षिका' अशी वेगळी जागा निघालेली मी तरी पाहिलेली नाही. भरती आता शासनाच्या पवित्र पोर्टलवरून होते. मी बघितलेल्या जाहिरातींत नववी-दहावीला मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रं एवढंच असतं. तुझ्याकडे मराठी आहे ना? मग मराठीची शिक्षिका हो आणि गृहशास्त्र मनात ठेव.

पोर्टलवर संस्थांच्या जागा मुलाखतीसह आणि मुलाखतीशिवाय अशा दोन प्रकारच्या असतात. मुलाखतीच्या जागेचा माझा अनुभव असा की मुलाखत संपल्यावर खरी मुलाखत सुरू होते. बहिणीसोबत गेलो होतो. आकडा ऐकला आणि मोटरसायकल तशीच वळवली. संस्थेचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही.

आबा_अमळनेर

रावेरकर भाऊ, हाई खरं शे, जागा कमी शेतस. पण पोरले घाबरावू नका. तिले शिकू द्या.

अध्यापकी

मी एका बी.एड. कॉलेजात शिकवतो, त्यामुळे थोडं आतलं सांगतो.

प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते. १०० प्रश्न, ९० मिनिटं. त्यात ४० बौद्धिक क्षमतेचे, ३० सामान्य ज्ञानाचे, ३० शिक्षक अभियोग्यतेचे. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पदवीला किंवा पदव्युत्तरला ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४५. शेवटच्या वर्षाला असतानाही फॉर्म भरता येतो, निकाल प्रवेशाच्या वेळी दाखवायचा. फॉर्म भरायची मुदत संपली की कोणी ऐकत नाही, तेव्हा सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर आतापासून नजर ठेव.

आता मेथड. पदवीला जे विषय असतील त्यांवर मेथड ठरते, हे झालं नियमाचं. प्रत्यक्षात एखादी मेथड चालते की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं : ती शिकवायला माणूस आहे का, आणि ती घेणारे पुरेसे विद्यार्थी आहेत का. मराठी, इतिहास, विज्ञान यांना माणूस असतोच. गृहशास्त्राला बहुतेक ठिकाणी नसतो. माहितीपत्रकात छापलेलं असतं, वर्गात नसतं. विद्यार्थिनी फी भरून येते आणि मग तिला सांगतात, "तुमच्याऐवजी सामाजिक शास्त्र घ्या." म्हणून प्रवेशफेरीत कॉलेजचा पसंतीक्रम भरण्याआधी विचारायचं, आणि प्राध्यापकाचं नाव विचारायचं. नाव सांगता आलं नाही तर समजून जायचं.

विद्यापीठ बदलतंय याची काळजी करू नकोस. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या हद्दीत जळगाव, धुळे, नंदुरबार असे तीन जिल्हे येतात. बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्यांना स्थलांतर आणि पात्रतेची कागदपत्रं लागतात, त्याला वेळ जातो इतकंच.

भुसावळ_जंक्शन

मला हे कळत नाही की २१व्या शतकात आपण मुलींना अजून शिवण-टिपण आणि स्वयंपाक शिकवायच्या गोष्टी करतोय. हा विषय बंद झाला तेच बरं झालं. राग नसावा.

निवृत्त_बाई

राग नाही, पण उत्तर देते, आणि जरा लांबेल.

मी धुळ्याकडे मुलींच्या शाळेत हा विषय शिकवला. काकांचं "पोळ्या लाटणं" आणि जंक्शनभाऊंचं "शिवण-टिपण" मी पदवीला होते तेव्हापासून ऐकतेय. या विषयाच्या पाच शाखा आहेत : आहार व पोषण, वस्त्रशास्त्र, मानवविकास, साधन व्यवस्थापन आणि विस्तार शिक्षण. पोळी पहिल्या शाखेतल्या एका प्रकरणाच्या एका परिच्छेदात येते.

महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा आरोग्य आणि गृहव्यवस्था हे अभ्यासात आणले. त्यांच्यासमोर जपानच्या महिला विद्यापीठाचं उदाहरण होतं. दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज १९३२ चं. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली ती हंसाबेन मेहता कुलगुरू असताना. त्याच हंसाबेन, ज्यांनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' बदलून 'सर्व मानव' करायला लावलं. त्यांना मुलींना चुलीपाशी बसवायचं होतं असं कोणी म्हणेल का?

आता वर्गातलं सांगते. हळदीचा डाग. आठवीच्या मुलींना पांढऱ्या कापडाचा तुकडा द्यायचा, हळदीचं पाणी लावायला सांगायचं आणि मग साबण. डाग लाल होतो. सगळ्या ओरडतात, "बाई, वाढला!" मग त्यावर लिंबू पिळायचं, परत पिवळा. आम्ल आणि अल्क यांचा दर्शक म्हणून विज्ञानाच्या पुस्तकात जे येतं ते इथे ओट्यावर घडतं. आणि तेच कापड उन्हात वाळत घातलं की दुसऱ्या दिवशी फिकं पडतं. हे आजीला ठाऊक असतं, का ते ठाऊक नसतं. त्या 'का'साठी बाई लागते.

वस्त्रशास्त्रात जळण चाचणी घ्यायची. चिमट्यात धागा धरून मेणबत्तीवर. कापूस कागदासारखा जळतो, वास कागदाचा, राख मऊ करडी. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि काळा टणक मणी होतो. लोकरीला केस जळाल्याचा वास. ज्या पोरींचा बाप कापूस पिकवतो त्यांना 'प्युअर कॉटन' म्हणून विकलेली ओढणी तपासता येऊ नये?

सगळ्यात जास्त मजा मला अंदाजपत्रकात यायची. पुस्तकात नमुना नेहमी पगाराचा : महिन्याचं उत्पन्न इतकं, किराणा इतका, बचत इतकी. माझ्या वर्गात पगाराच्या घरातल्या मुली हाताच्या बोटांवर. बाकीच्यांकडे पैसा येतो तो दिवाळीनंतर कापूस विकला की. जून-जुलैत बी-बियाणं, खत, शाळेची वह्या-पुस्तकं, सगळं एकदम, आणि हातात काही नाही. मग मी पुस्तकातला तक्ता बाजूला ठेवला. बारा महिन्यांचे बारा रकाने आखायला लावले. कोणत्या महिन्यात पैसा येतो, कोणत्या महिन्यात जातो, उधारी कुठे सुरू होते, तिच्यावर व्याज किती चढतं. एका मुलीने घरी जाऊन वडिलांना विचारून आणलं आणि वर्गात सांगितलं की दुकानदार खताच्या उधारीवर जे वरचे पैसे घेतो त्यात तिची वर्षाची बसची पास निघेल. हा पाठ मी शाळा तपासणीला ठेवला होता. साहेबांनी शेरा लिहिला, 'पाठ्यक्रमाबाहेरील भाग टाळावा.' असो.

मुक्ताई, तू विचारलंस विषय उरलाय का. दहावीच्या बोर्डाच्या वेळापत्रकात विज्ञानाच्या पेपरच्या दिवशी नीट बघ, 'शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र' असा पेपर दिसेल. तो दिव्यांग विद्यार्थ्यांना विज्ञानाऐवजी घेता येतो. बाकीच्यांसाठी माध्यमिकला आता आपल्याकडे फारसं नाही. बारावीला मात्र बालविकास, गृहव्यवस्थापन, वस्त्रशास्त्र, अन्नशास्त्र असे विषय बोर्डाच्या यादीत आहेत. ते कनिष्ठ महाविद्यालयात येतात आणि तिथे शिकवायला त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. दोन्ही लागतं.

भुसावळ_जंक्शन

बाई, हळदीचं मला माहीत नव्हतं. तरी माझा प्रश्न तोच. मुलींच्याच शाळेत का?

निवृत्त_बाई

तो प्रश्न शाळेला विचारा. मी शेजारच्या मुलांच्या शाळेला विचारला होता, त्यांनी सुतारकाम आहे म्हणून सांगितलं.

बडोद्याची_वहिनी

माहेर नंदुरबार, सासर बडोदा, नोकरी सुरतेत सीबीएसई शाळेत. ताप्ती लाइनची (सुरत-भुसावळ) गाडी आपल्या दारातून जाते पण आपल्या मुली तिकडे शिकायला फार कमी येतात याचं मला कायम वाटतं.

सीबीएसईला गृहविज्ञान हा रीतसर विषय आहे, नववीपासून बारावीपर्यंत. अकरावी-बारावीला ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिक. माझ्या वर्गात मुलगे आहेत. आता कोणालाही हसू येत नाही, पहिल्या वर्षी आलं होतं. एक मुलगा पुढे हॉटेल मॅनेजमेंटला गेला, त्याने आहारनियोजनाची माझी फाइल मागून नेली.

दोन सूचना. एक, हा विषय सगळ्या सीबीएसई शाळांत नसतो, तेव्हा 'सीबीएसईत जागा भरपूर' असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नकोस. दोन, तिथे बी.ए.पेक्षा बी.एस्सी. गृहविज्ञान किंवा पदव्युत्तर असलेली बाई घेतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातही या विषयाचं महाविद्यालय आहे. पूर्वीचं गृहविज्ञान, आता सामुदायिक विज्ञान म्हणतात. चार वर्षांची पदवी. तुझी वेळ गेली, पण धागा वाचणाऱ्या बारावीच्या मुलींनी लक्षात ठेवावं.

आणि इंग्रजीतून शिकवायची तयारी ठेव. तिथे सगळ्यांना तेच अडतं.

सातपुड्याचा_मास्तर

मी नंदुरबार जिल्ह्यात अक्राणीच्या बाजूला आश्रमशाळेत आहे. विज्ञान शिकवतो, गृहशास्त्र नाही. पण गृहशास्त्र शिकलेली एक जरी बाई आमच्याकडे असती तर काय झालं असतं ते सांगतो.

आमच्याकडे मुलींच्या रक्ताची तपासणी होते. हिमोग्लोबिन कमी निघतं, निळ्या गोळ्या वाटल्या जातात. लोह आणि फॉलिक अॅसिडची ती आठवड्याची गोळी. मुली गोळी घेतात आणि वर चहा पितात, म्हणजे जे पोटात गेलं त्यातलं शोषलं जाणार ते आणखी कमी. चहा तासाभराने घे, आणि जेवणात लिंबू किंवा आवळा ठेव, एवढं कोणीतरी नीट समजावून सांगायला हवं. परिचारिका वर्षातून किती वेळा येणार?

दुसरं जास्त नाजूक आहे. आमच्या भागात भिल्ल आणि पावरा समाजात सिकल सेल हा रक्ताचा आजार आहे. ती मुलगीही फिकी दिसते, तिचंही हिमोग्लोबिन कमी येतं. पण तिचा मूळ दोष लोहाचा नसतो, तांबड्या पेशीचा आकारच कोयत्यासारखा होतो आणि तो आईवडिलांकडून आलेला असतो. दोघं वाहक (स्वतः आजारी नसलेले, पण दोष पुढे देऊ शकणारे) असतील तर प्रत्येक वेळी मूल पीडित होण्याची शक्यता चारात एक. हे दहावीच्या मुलीला लग्नाआधी कळायला हवं की नंतर? विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकता आहे, वाटाण्याच्या रोपांची. मी फळ्यावर वाटाणे काढतो आणि मागच्या बाकावर बसलेल्या मुलीचे सांधे दुखत असतात.

एकदा मी आहाराचा पाठ कळण्याच्या भाकरीवर घेतला. ज्वारी आणि उडीद दळून करतात ती, सगळ्यांना माहीत. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात. त्यातलं लायसिन ज्वारीच्या प्रथिनात कमी, उडदात ते भरपूर. उडदात मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते ज्वारी भरून काढते. दोन्ही एकत्र आले की प्रथिनाचा दर्जा सुधारतो. फळ्यावर दोन रकाने काढले, एकाचं रिकामं घर दुसऱ्याने भरलं. मग मुलांना विचारलं, तुमच्या घरी असं आणखी काय खातात? खिचडी, दालबाटी, भाकरीसोबत तुरीची डाळ, यादी संपेना. आजवर त्यांना सांगितलं गेलं होतं की चांगलं खाणं म्हणजे दूध, अंडी, सफरचंद. सफरचंद नंदुरबारच्या बाजारात काय भाव आहे ते विचारा.

तर मुक्ताईताई, मेथड मराठीची मिळो की कशाची, तुम्ही जे शिकलात ते वर्गात उपयोगी पडणार. आदिवासी विकास विभागाच्या शाळांची भरती वेगळी निघते, तिच्यावरही लक्ष ठेवा.

रावेरकर

मास्तर, पाठ झकास. पण पगारपत्रकावर तिचा विषय 'मराठी' असेल आणि मुख्याध्यापक म्हणतील व्याकरण संपवा आधी.

सातपुड्याचा_मास्तर

म्हणतात. मग कळण्यावर निबंध द्यायचा.

मुक्ताई_लेक

बाई, मास्तर, वहिनी, सगळ्यांचे आभार. हळदीचा प्रयोग मी काकांच्या शर्टावर करणार आहे.

अजून दोन शंका. प्राथमिकला, म्हणजे पहिली ते पाचवीला बी.एड. चालतं का? गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. आणि टीईटी की टेट की दोन्ही? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

अध्यापकी

पहिली ते पाचवीला नाही. सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२३ चा निकाल आहे, त्या वर्गांसाठी डी.एल.एड.च (जुनं डी.एड.) लागतं. बी.एड.वाल्यांनी सहावीपासून पुढे बघायचं.

टीईटी म्हणजे पात्रता परीक्षा. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. १५० गुण, उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, राखीव प्रवर्गाला ५५. एकदा पास झालात की प्रमाणपत्र कायमचं. पेपर दोनमध्ये ३० गुण बालमानसशास्त्राचे, ३०-३० दोन भाषांचे आणि ६० गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्राचे. तुझ्या मानवविकासाच्या नोट्स फेकू नकोस, त्या ३० गुणांत त्या कामाला येतील. पियाजे, एरिक्सन हे मानसशास्त्रज्ञ सगळे भेटतील.

टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची. ती पास-नापास नसते, तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलवर यादी लागते. म्हणजे टीईटीने दार उघडतं, टेटने रांगेतला नंबर ठरतो. नववी-दहावीच्या जागेला टीईटी लागत नाही पण टेट लागतेच. ती दरवर्षी होत नाही. २०१७, मग २०२३, मग २०२५. म्हणून बी.एड. चालू असतानाच तयारी करायची, संधी कधी येईल सांगता येत नाही.

लागलीस तर आधी तीन वर्षं शिक्षण सेवक. २०२३ पासून मानधन माध्यमिकला महिना १८ हजार, कनिष्ठ महाविद्यालयाला २० हजार. त्याआधी माध्यमिकला ८ हजार होतं, तेव्हाची मुलं पेट्रोललाच संपवायची.

मुक्ताई_लेक

आणि सर, बी.एड.ची दोन वर्षं प्रत्यक्षात कशी जातात? मैत्रीण म्हणते नुसत्या फाइली.

अध्यापकी

फाइली आहेत, खोटं कशाला बोलू. पण पहिल्या वर्षातलं सूक्ष्म अध्यापन मनापासून कर. एकच कौशल्य, पाच-दहा मुलांसमोर, सहा मिनिटं. प्रस्तावना, प्रश्न विचारणं, फलकलेखन, प्रबलन (बरोबर उत्तराला शाबासकी), स्पष्टीकरण, असं एकेक. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं ऐकून घ्यायचं, बारा मिनिटांत पुन्हा आखायचं, सहा मिनिटं पुन्हा शिकवायचं, सहा मिनिटं पुन्हा ऐकायचं. ३६ मिनिटांचं चक्र. पहिल्यांदा विद्यार्थिनी स्वतःच प्रश्न विचारते आणि स्वतःच उत्तर देऊन टाकते. मुलांना तोंड उघडायला वेळच देत नाही. ती सवय इथे मोडली नाही तर तीस वर्षं मोडत नाही.

मग सेतू पाठ (सुटी कौशल्यं एकत्र जोडणारा), सराव पाठ, पाठ टाचणं (पाठाची लेखी आखणी). आणि शाळेतली आंतरवासिता (इंटर्नशिप), दोन्ही वर्षांची मिळून २० आठवडे, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. यात काही शाळा छात्राध्यापकांना रिकाम्या तासांवर बसवून घेतात, वर्ग सांभाळायला. तू मुख्याध्यापकांना पहिल्याच दिवशी सांग, मला आहाराचा, आरोग्याचा, शालेय पोषण आहाराच्या तपासणीचा भाग द्या. हे काम कोणालाच नको असतं. मिळेल.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ मध्ये सहावीपासून व्यावसायिक शिक्षण सगळ्यांना सांगितलंय. जीवसृष्टीशी संबंधित काम, यंत्र आणि साहित्याशी संबंधित काम, मानवी सेवांचं काम असे तीन गट. गृहशास्त्रवाल्यांचं बरंचसं तिसऱ्यात आणि थोडं पहिल्यात बसतं. प्रत्यक्ष जागा त्यातून किती निघतील हे शासन निर्णय येतील तसं बघू, आज त्याच्या भरवशावर कर्ज काढू नका.

चोपड्याची_मीना

मी याच वाटेने गेले म्हणून लिहितेय. बी.ए.ला गृहशास्त्र, मग त्यातच एम.ए., मग बी.एड. मराठी मेथड घेऊन. आज कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर आहे. तासाचे पैसे मिळतात, सुट्टीचे नाही, आणि मे महिन्यात काहीच नाही. हे सगळं ठाऊक असूनही मी एम.ए. आधी केलं याचा पस्तावा नाही. कारण एम.ए. असलं की बारावी आणि सेट-नेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा), दोन्ही दारं उघडी राहतात. नेटला गृहविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. नुसतं बी.एड. करून बसलं की मराठीच्या रांगेत हजारोंत उभं राहायचं.

पण पैसे एकाच कोर्सपुरते असतील तर आधी बी.एड. कर, एम.ए. बाहेरून होतं, बी.एड. बाहेरून होत नाही. मुक्त विद्यापीठाचं बी.एड. आहे ते आधीच सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी आहे, 'घरबसल्या बी.एड.' म्हणून जाहिरात करणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नकोस. आमच्या गल्लीतल्या एकीने दिले, तिला कोणत्या तरी लांबच्या राज्यातला कागद मिळाला, तो इथे कोणी हातात धरेना.

आणि दुसरीकडेही बघत राहा. अंगणवाडी पर्यवेक्षिकेची परीक्षा निघते तेव्हा पोषण, बालविकास हाच अभ्यास असतो. माझ्या वर्गातल्या दोघी त्यात लागल्या आणि आज माझ्यापेक्षा बऱ्या आहेत.

रावेरकर

हे पटलं. मीनाताईंनी माझ्यापेक्षा कडू आणि माझ्यापेक्षा उपयोगाचं सांगितलं.

आबा_अमळनेर

मीनाताई, मे महिनामा काहीच नही? हाई तं अन्याय शे.

चोपड्याची_मीना

आबा, मे महिन्यात मी पापड-कुरडया करते. ऑर्डरीवर. उडदाच्या पापडात पापडखार किती घालायचा आणि का, हे एम.ए.त शिकले, त्यामुळे माझे पापड लाल पडत नाहीत.

मुक्ताई_लेक

काल जळगाव-भुसावळकडच्या कॉलेजांना फोन केले. एका ठिकाणी क्लार्क म्हणाले असली मेथड आमच्याकडे नाही, साफ सांगितलं, बरं वाटलं. दुसरीकडे म्हणाले, "प्रवेश घ्या, मग बघू." एका ठिकाणी मॅडमशी बोलणं झालं. त्या म्हणाल्या, मेथड मराठी आणि सामाजिक शास्त्र मिळेल, पण प्रकल्प आणि कृतिसंशोधनाचा (शाळेतल्या एखाद्या अडचणीवर करायच्या छोट्या संशोधनाचा) विषय तू पोषण आहारावर घेऊ शकतेस, मी स्वतः मार्गदर्शन करेन.

वडिलांशी बोलले. सीईटी द्यायची, लागली तर तिसऱ्या कॉलेजचं नाव आधी टाकायचं. एम.ए. पुढे बाहेरून.

अध्यापकी

दुसरं कॉलेज पसंतीक्रमातून काढूनच टाक. तिसऱ्या ठिकाणी त्या मॅडम कायमस्वरूपी आहेत की तासिकेवर, तेवढं विचार. तासिकेवर असल्या तर कृतिसंशोधनाच्या वर्षी त्या तिथे असतीलच असं नाही.

आणि नॉन-क्रीमीलेयर लागत असेल तर तहसीलला आत्ताच अर्ज टाक. प्रवेशफेरीच्या वेळी सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.

मुक्ताई_लेक

हो सर, विचारते. नॉन-क्रीमीलेयरचा अर्ज सोमवारी टाकते.

निवृत्त_बाई

माझी जुनी पाठ टाचणं माळ्यावर आहेत, कापडाच्या नमुन्यांचे तक्ते पण. पावसाळ्यात थोडी ओल लागलीय. हवी असतील तर निरोप पाठव, एसटीने पार्सल करते. बारा रकान्यांचा तक्ताही त्यात आहे.